दुपारी एक ते साडेतीन

पणजीला उतरलो तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. रात्रभर बसमध्ये अवघडून आलेल्या बाबांनी बॅग खांद्याला लावली, आजूबाजूला नीट पाहून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "इथली दुकानं किती वाजता उघडतात?"

बाबांनी पुण्यात रविवार पेठेत ४६ वर्षं भांड्यांचं दुकान चालवलं. तांब्यापितळेचं, पुढे स्टीलचंही. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला शेवटचं वहीपूजन केलं, महिनाभरात माल काढला आणि गाळा सोडला. त्यानंतरही रोज सकाळी साडेनऊला ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून तयार व्हायचे आणि हॉलमधल्या खुर्चीत बसून राहायचे. आई असती तर तिनं काहीतरी काम काढून हातात दिलं असतं. मला ते सुचेना. मार्च उजाडला तशी मी बसची दोन तिकिटं काढली. सलग चार दिवस बाबा पुण्याबाहेर राहिलेत असं माझ्या आठवणीत कधी झालं नव्हतं.

समुद्रावरचा गोवा मला त्यांना दाखवायचा नव्हता. वाळूत बसून बाबांनी करायचं काय? त्यांना रस्ता लागतो, दुकानं लागतात, येणारीजाणारी माणसं लागतात. पणजी हे पायी हिंडायचं गाव. एका अंगाला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या अंगाला मांडवी, आणि मधल्या पट्ट्यात बाजार, देवळं, चर्च, बेकऱ्या, बार, सरकारी कचेऱ्या, सगळं एकमेकांना खेटून. जुन्या गोव्यात साथींनी माणसं मरायला लागली तशी पोर्तुगीजांची वस्ती हळूहळू इकडे सरकली आणि १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. राजधानी म्हणून वय फार नाही, पण चाल सावकाश. त्या चालीशी बाबांची चाल जुळेल असं मला वाटलं होतं.

स्टँडवरून ओरेमच्या खाडीवरचा पूल ओलांडला की फोंताइन्हास लागतं. खाडीत कांदळवन, काठावर ओळीनं जुनी घरं. पिवळी, निळी, विटकरी, दारंखिडक्यांच्या कडा पांढऱ्या. पावसाळा सरला की घराला रंग द्यायलाच हवा असा पोर्तुगिजांचा दंडक होता आणि निखळ पांढरा रंग फक्त चर्चसाठी राखलेला, असं इथले लोक सांगतात. आमची खोली अशाच एका घराच्या वरच्या मजल्यावर होती. लाकडी जिना पायागणिक बोलायचा. खोलीत एका जुन्या खिडकीला काचेऐवजी शिंपले बसवलेले होते. तळहाताएवढे चपटे शिंपले घासून चौकोनी केलेले, लाकडाच्या बारीक चौकटीत एकावर एक सरकवलेले. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून ते बोटानं चाचपले. त्यांतून ऊन येत होतं, पण दुधात कालवल्यासारखं, डोळ्यांना न टोचणारं. "ही कारागिरी करणारा माणूस आता मिळायचा नाही," बाबा म्हणाले, आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले.

खालून पों पों असा रबरी भोंगा वाजला. पोदेर. सायकलच्या मागे टोपली, टोपलीवर निळं प्लास्टिक. पाव भाजणाऱ्याला इथं पोदेर म्हणतात आणि तो सकाळी नि संध्याकाळी दारावर येतो. पूर्वी पिठाला माडाची सूर घालून आंबवत. आम्ही पोई घेतली. वरून कोंडा भुरभुरलेली, आतून पोकळ, हातात घेतली की उबेनं तळवा भरून जाणारी. समोरच्या घराच्या दाराला कापडी पिशवी टांगलेली होती. पोदेर त्यात मोजून चार पोई टाकून पुढे निघाला, कुणी दार उघडलं नाही की पैसे दिले नाहीत. बाबांनी त्याला थांबवून विचारलंच. महिन्याचा हिशेब, तो म्हणाला. बाबांचा चेहरा उजळला. त्यांच्याकडेही अशी गिऱ्हाइकं होती, ज्यांची नावं वहीत असायची आणि वही उघडायची वेळ फारशी यायची नाही.

न्याहारीला आम्ही बाजाराच्या बाजूला गेलो. पणजीतली भाजी-पावाची हॉटेलं आपल्या मिसळीच्या दुकानांसारखीच सकाळी गच्च भरलेली असतात. पातळ भाजी म्हणजे वाटाण्याची, खोबऱ्याच्या वाटणातली. सुकी म्हणजे बटाट्याची. दोन्ही एका वाटीत हवी असेल तर मिक्स. तिच्यासोबत पाव, गोडसर बन्स, वर हिरवी मिरची तळलेली. टेबल वाटून घ्यावं लागतं. आमच्यासमोर कचेरीत निघालेले एक गृहस्थ बसले होते. बाबा मराठीत बोलत होते, ते कोकणीत, आणि दोघांचं काही अडत नव्हतं.

मग मार्केट. इथं मी बाबांना मोकळं सोडलं. उकड्या तांदळाची पोती, सोलांचे काळेजांभळे ढीग, माडाचा गूळ, व्हिनेगरच्या बाटल्या, माळेसारखे लटकवलेले तांबडे चोरीस म्हणजे गोव्याचे सॉसेज, खारे बांगडे. एका बाईकडे मयड्याची केळी, हातभर लांब. फुलकारणींच्या टोपल्यांत अबोलीच्या फांत्या, गच्च आणि इतक्या एकसारख्या गुंफलेल्या की त्यात दोरा दिसत नाही. बाबा घेत काहीच नव्हते, पण प्रत्येक ठिकाणी थांबत होते. माल कसा मांडलाय, वजन कसं करतात, सुट्टे पैसे कुठं ठेवतात. एका म्हातारीनं गिऱ्हाईक गेल्यावर नोट डोळ्यांना लावली तेव्हा ते मला हळूच म्हणाले, "भवानी झाली तिची."

तिथून १८ जून रस्त्याला लागलो. पणजीच्या व्यापाराचा हा मुख्य रस्ता. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी पोर्तुगीज सत्तेला उघड आव्हान दिलं, त्या दिवसाचं नाव. काजू, कपडे, औषधं, चपला. साडेबारा उलटले तशी कुठं आतल्या फळीवरची आवराआवर, कुठं बाहेर टांगलेल्या पिशव्या आत घेणं सुरू झालं. एकच्या सुमाराला एक शटर खाली आलं, मग त्याच्या शेजारचं, मग समोरचं. सगळी नव्हेत, पण जुनी दिसणारी बरीचशी. दहा मिनिटांत रस्त्याचा आवाजच बदलला.

बाबा भर उन्हात थांबले. एका बंद शटरवर वेळ रंगवलेली होती. दुपारी एक ते साडेतीन बंद. त्यांनी ती वाचली, आणि माझ्याकडे न बघता पुढे चालू लागले.

मला ठाऊक होतं त्यांच्या मनात काय चाललंय. आमच्या दुकानावरही तशी पाटी होती. दुपारी १ ते ४. पुण्याच्या त्या वेळेवर आजवर किती बोललं गेलंय ते कुणाही मराठी माणसाला सांगायला नको. बाहेरगावची गिऱ्हाइकं तोंडावर बोलून जायची, पाहुणे जेवणाच्या पंगतीत बोलायचे. बाबा उत्तर द्यायचे नाहीत. पण मी त्या तीन तासांत वाढलेली मुलगी आहे, मला त्यावर बोलायचंय.

आमचं घर दुकानाच्या वरच होतं. बाबा सकाळी साडेनऊला खाली उतरायचे आणि रात्री साडेनऊला वर यायचे, तेव्हा आम्ही पेंगुळलेली असायचो. दुपारी एकला शटरचा आवाज आला की आई भात उतरवायची. बाबा हात धुऊन यायचे, हाताला पितळेचा वास तरी राहायचाच. पाटावर बसून सगळ्यांचं एकत्र जेवण. मग बाबा सतरंजीवर आडवे व्हायचे आणि त्यांच्या पोटावर डोकं ठेवून मी पडायची. माझी सकाळची शाळा होती म्हणून हे जमायचं. पंख्याची घरघर, त्यांच्या पोटातली गुडगुड, आणि खाली पेठ सामसूम. पाढे मी तिथं पाठ केले. गोष्टी तिथं ऐकल्या. आईबाबांची भांडणंही त्याच वेळात व्हायची नि मिटायची. चारला पाच कमी असताना बाबा उठायचे, तोंडावर पाणी मारायचे, आरशात भांग पाडायचे आणि म्हणायचे, "चला, उघडायची वेळ झाली."

पुढे काळ बदलला. आजूबाजूची दुकानं दिवसभर उघडी राहू लागली, मोठ्या दुकानांमध्ये थंड हवा आणि बसायला खुर्च्या आल्या. बाबांनी पाटी उतरवली. आई डबा खाली पाठवायला लागली, आणि गिऱ्हाईक आलं की डबा अर्धवट झाकून बाबा उठायचे. विक्री फार वाढली का, तर नाही. आईचं दुपारचं जेवण मात्र एकटीचं झालं, ते अखेरपर्यंत. ज्या वेळेवर आपण सगळे इतके हसलो ती एखाद्या घराची जेवायची वेळ होती, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा रागच आला.

त्या दुपारी आम्ही मासे जेवलो. बांगड्याचं हुमण, तिसऱ्यांचं सुकं, किसमूर, सोलकढी. खानावळीतल्या बाईंनी बाबांना न विचारता भात वाढला. खोलीवर आलो तर अख्खी गल्ली निजलेली. कुत्रीसुद्धा दाराच्या सावलीत पसरलेली. फक्त फोटो काढणाऱ्यांना झोप नव्हती. लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलेलं एक जोडपं समोरच्या घराच्या ओट्यावर चढून उभं होतं, सोबत चार माणसं नि दिवा. घराला पाटी होती की इथं लोक राहतात, फोटो काढू नयेत. आतून कुणीतरी म्हातारं खोकलं. मी वरून हाक मारून सांगितलं, ती माणसं पुढच्या घराकडे सरकली. रंग बघायला जरूर यावं, पण त्या रंगामागे कुणी डोळा लावून पडलेलं असतं, एवढं भान ठेवायला काय हरकत आहे?

दुसऱ्या दिवशी बघण्यासारखं बघितलं. टेकडीच्या पायथ्याचं मोठं पांढरं चर्च, त्याच्या पुढ्यातल्या नागमोडी पायऱ्या बाबा न थांबता चढले. आदिलशहाचा वाडा, जिथं पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉय राहिले आणि मुक्तीनंतर सचिवालय भरलं. वाड्याशेजारी आबे फारियांचा पुतळा, १९४५ सालचा. एक माणूस हात पसरून उभा आणि त्याच्या समोर एक बाई कलंडत चाललेली. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा माणूस पुढे पॅरिसमध्ये संमोहनविद्येसाठी गाजला. त्यांची एक गोष्ट इथं सगळे सांगतात. तरुण फारिया लिस्बनमध्ये राणीपुढे प्रवचनाला उभे राहिले आणि त्यांची वाचाच बसली. तेव्हा त्यांच्या वडिलांनी कोकणीत पुटपुटून सांगितलं, ही सगळी भाजी आहे, कातर रे भाजी. मुलगा बोलू लागला तो थांबेचना. खरी असो वा रचलेली, बाबांना ती इतकी आवडली की दिवसभरात त्यांनी मला तीनदा ऐकवली.

सान सेबास्तियांव कपेल, म्हणजे लहानसं चर्च, आमच्या गल्लीच्या टोकालाच होतं. आतल्या क्रुसावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ. सहसा तो मान टाकलेला दिसतो. हा क्रूस मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या वाड्यातला. १५६० ते १८१२ या काळात ज्यांना तिथं चौकशीला उभं केलं, त्यांच्याकडे हे डोळे बघत होते. बाबांना मी हे सांगितलं. ते दारातच उभे राहिले, आत शिरले नाहीत.

कपेल १८१८ सालचं. आणि बाजारापासून हाकेच्या अंतरावरचं महालक्ष्मीचं देऊळही १८१८ सालचंच. पुण्याच्या माणसाला हा आकडा ऐकला की आत काहीतरी हलतं. आपल्याकडे तो पेशवाई बुडाल्याचा आकडा, त्यापुढे बोलणं थांबतं. तिकडे शनिवारवाड्यावरचा जरीपटका उतरलेला, आणि इकडे परक्या राज्यात, जिथं देवळं पाडली गेली होती, तिथं राजधानी होऊ घातलेल्या गावात देवीच्या देवळाला परवानगी मिळालेली. महालक्ष्मीच्या सभामंडपात खांबाला टेकून बाबा बराच वेळ बसले. देवळातली समई बघून म्हणाले, "ओतीव आहे. वजनदार."

रात्री नदीकाठी गेलो. मांडवीत कसिनोच्या बोटी उभ्या असतात. आख्खी बोट दिव्यांनी लखलखते आणि तिचे रंग पाण्यात खालपर्यंत उतरतात. काठावर रांगा, त्यात मराठी बरंच ऐकू येत होतं. बाबांनी तिथल्या एका पोऱ्याला विचारलं, "हे बंद कधी होतं?" तो म्हणाला, "चोवीस तास चालू, काका." बाबा काही बोलले नाहीत. आम्ही पाठ फिरवून जुन्या गल्लीत आलो.

तिथं एक बार आहे, चार जण बसले की भरणारा. बाकीचे ग्लास घेऊन रस्त्यावर उभे राहतात, भिंतीला टेकून, हळू आवाजात बोलत. मार्च म्हणजे काजूचा हंगाम, त्यामुळे उर्राक होतं. मी ते लिमकात घेतलं, चिरलेली हिरवी मिरची आणि चिमूटभर मीठ घालून. बाबांनी सोडा घेतला. पण वास त्यांनी घेतला, आणि ते कशात गाळतात हे त्यांना कळून घ्यायचं होतं. बारवाल्यानं मनापासून सांगितलं. बोंडं तुडवून रस काढायचा, आंबवायचा, मग भाणात, म्हणजे मोठ्या पोटाच्या भांड्यात घालून चुलीवर ठेवायचा. पहिल्या धारेचं उर्राक, तेच पुन्हा गाळलं की फेणी. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. भाण पूर्वी मातीचं असे, आता तांब्याचं. तांबं म्हटल्यावर बाबा खुर्चीत पुढे सरकले. पत्रा किती जाड? डाख कशाचा देतात? धग किती लागते? अर्धा तास दोघं बोलत होते. दुकान गेल्यापासून बाबांना कुणी एवढा वेळ काही विचारलं नव्हतं, की सांगितलं नव्हतं.

परतताना गाड्यावर रोस आमलेट खाल्लं. आमलेटवर शागुतीचा तिखट रस्सा, वर कांदा, लिंबू, सोबत पाव. दहा वाजून गेले होते. गाडीवाला एका हातानं अंडी फोडत होता, दुसऱ्या हातानं रस्सा ढवळत होता, आणि दोन्ही हात त्याच्याकडे न बघता चालत होते. पणजीची रात्र मला ती वाटली, गाड्याभोवती उभ्या माणसांची, प्लेट हातात घेऊन फुंकर घालणाऱ्यांची.

शेवटच्या दिवशी रात्रीची बस होती. सकाळी मिरामारला जाऊन आलो, मांडवी समुद्राला मिळते ते पाहिलं. मग बाबा म्हणाले, त्या भांड्यांच्या दुकानात जाऊ.

मार्केटमागच्या गल्लीत त्यांनी ते पहिल्याच दिवशी हेरून ठेवलं होतं. जुनं दुकान, शटर नाही, लाकडी फळ्यांचं दार. आत स्टील आणि ॲल्युमिनियम पुढे, तांबं मागे. न्हाणीघरात पाणी तापवायची भाणं, पोट मोठं, गळा आखूड. मालक बाबांच्याच वयाचे. बाबांनी एक लहानसं भाण उचललं, उजेडाकडे धरून आत पाहिलं, मग बोटाच्या पेरानं सगळीकडे टकटक केली. तडा असला किंवा डाख कच्चा असला तर आवाज बद्द येतो. हे स्वच्छ वाजलं. मग अंगठा मठारलेल्या खळ्यांवरून फिरवला. हातोडीचा एकेक घाव शेजारच्या घावाला जेमतेम चाटून गेलेला. अशा ठोकण्यानं पत्रा कडक होतो, भांडं चेपत नाही, आणि प्रत्येक खळीत उजेडाचा एक कण बसतो. मालक बाबांचे हात बघत होते. "तुमचें दुकान खंय?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "पुण्याला. होतं."

मग दोघांचं कल्हईवाले, कथलाचा भाव, मोडीचा भाव, आणि मुलं या धंद्यात का येत नाहीत यावर बोलणं झालं. बाबांना दोन भाणांत ठरवता येईना. एकाचा घाट चांगला, दुसऱ्याचा पत्रा. एवढ्यात एक वाजला. मालकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या फळ्या घेतल्या आणि एकेक करून खाचेत बसवायला लागले. प्रत्येक फळीवर आकडा रंगवलेला होता. मी बाहेर आले. बाबा मात्र आतल्या बाजूला वाकले, पाचव्या क्रमांकाची फळी उचलली आणि त्यांच्या हातात दिली. मग सहावी. मग सातवी. दोघंही काही बोलले नाहीत. कुलूप लावून मालक म्हणाले, "साडेतिनांक येयात."

"येतो," बाबा म्हणाले.

जेवून आम्ही खोलीवर आलो. बाबा आडवे झाले आणि लगेच त्यांना झोप लागली. शिंपल्यांच्या खिडकीतून तो दुधाळ उजेड त्यांच्या पोटावर पडला होता, श्वासाबरोबर वरखाली होत होता. पंखा घरघरत होता. खाली गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसून राहिले, पुस्तक उघडं ठेवून, एक ओळही न वाचता.

तीन वाजून वीस मिनिटांनी बाबा गजर न लावता उठले. तोंडावर पाणी मारलं. आरशासमोर उभं राहून सावकाश भांग पाडला, खिशाला पेन लावलं.

"चला," म्हणाले, "उघडायची वेळ झाली."